पडझड आणि डागडुजी : मिश्र माध्यमातला पहिला फलक कसा करावा

दुःख, उलथापालथ आणि त्यातून सावरणं हा विषय घेऊन मिश्र माध्यमात, म्हणजे कापड, कागद, माती असं एकत्र घेऊन, काम करायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा चित्रापासूनच सुरुवात करतो. डोळ्यातून ओघळणारा थेंब, भेगाळलेली जमीन, त्यातून उगवलेलं रोप आणि हल्ली भेगेतून फिरवलेली सोनेरी रेघ. हे सगळं इतक्यांदा झालंय की बघणारा थांबतच नाही. त्यापेक्षा साधा मार्ग असा : फलकावरच्या कापडाला आणि कागदाला खरोखर भिजू द्यायचं, फाटू द्यायचं आणि मग खरोखर शिवायचं. डागडुजी दिसण्यापुरती नको, तिने वजन पेललं पाहिजे. पुढची सगळी कृती या एकाच अटीवर बेतलेली आहे.

चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांनी 1970च्या दशकात ‘वाउंड्स’ ही मालिका केली. पांढऱ्या कागदाच्या लगद्यावर उमटलेले चरे आणि खड्डे, बस्स. माणूस कुठे दिसत नाही, तरी जखम कळते. मूळ साचा चाकूने आणि तापवलेल्या सळयांनी घायाळ केलेला होता. म्हणजे इजा सामानालाच झालेली होती. सुरुवात करण्याआधी त्यातल्या एकदोन कामांची छायाचित्रं नीट बघून घ्या.

विषय एका घटनेवर आणि एका वस्तूवर आणा

‘वेदना’ हा विषय होत नाही. 12 जुलै 1961 हा होतो. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. पुण्यात आजही ज्या घरांत सत्तरी ओलांडलेलं कुणी आहे, तिथे या पुराची एखादी वस्तू किंवा निदान एखादं वाक्य सापडतं. या लेखात उदाहरण म्हणून तोच पूर घेतला आहे. तुमचा विषय आजारपण असेल, घटस्फोट असेल, गाव सोडणं असेल, तरी पद्धत बदलत नाही. फक्त पाण्याच्या जागी तुमच्या घटनेत जे झालं ते घाला : घडी पडणं, जळणं, गंजणं.

वस्तू निवडताना नेहमीच्या वापरातली निवडा. रेशनकार्डाची झेरॉक्स, वाण्याच्या वहीचं पान, जुन्या नऊवारीचा तुकडा. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक फेरी मारलीत तर मुद्दा लक्षात येईल. दिनकर केळकरांनी या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. आत आहेत ते दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे. शोकाबद्दल एक अक्षर नाही आणि तरीही शोक आहे.

घटना दुसऱ्याची असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. पुणे जिल्ह्यातलं माळीण 30 जुलै 2014ला दरडीखाली गेलं. तिथले लोक आपल्यातच राहतात. वर्तमानपत्रातले मृतदेहांचे, रडणाऱ्या बायकांचे फोटो वापरू नका. ते त्यांना दुखावतात, शिवाय त्या फोटोंचे हक्कही दुसऱ्याचे असतात. दवाखान्याचा केसपेपर वापरायचा असेल तर झेरॉक्सवरच नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक झाका. मूळ कागद फलकावर कधीच चिकटवायचा नाही, मग तो स्वतःचा का असेना.

सामान

फलक 30 × 40 सेंटिमीटरचा, उभा धरू. पहिल्याच वेळी याहून मोठा घेऊ नका. माती आणि ओलं कापड आवरत नाही.

- 6 मिमी जाडीचा प्लाय, 30 × 40 सेंमी, आणि मागून लावायला इंचभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या
- मांजरपाट अर्धा मीटर
- हातकागदाचे दोन ताव, शक्यतो सुती चिंध्यांपासून केलेला
- साधा पांढरा फेविकॉल 250 ग्रॅम, अॅक्रिलिक जेल मीडियम (रंगाच्या दुकानात मिळणारी दाट, पारदर्शक पेस्ट, चिकटवायलाही चालते) 100 मिली, पांढरा अॅक्रिलिक प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर)
- मैदा दोन चमचे
- काळी माती चार वाट्या, गेरू दोन चमचे
- औषधाच्या दुकानातली गॉजची पट्टी
- दाभण, जाड सुई, जाड सुती दोरा
- शाईचं पेन आणि साधं बॉलपेन
- 220 नंबरचा पॉलिश पेपर, दोन चपटे ब्रश, पुट्टीची पत्ती, सुईशिवाय सिरिंज

पुण्यात रंग, मीडियम आणि प्रायमर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतात, झेरॉक्सही तिथेच काढून होते. हातकागदासाठी शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे, 1940 सालची. हार्डवेअर बोहरी आळीत. गंजलेल्या कड्या, बिजागऱ्या, खिळे हवे असतील तर जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जा, पण यादी करून जा, नाहीतर पिशवीभर भंगार घरी येईल.

नदीतली माती आणू नका. मुठेच्या पात्रातल्या गाळात सांडपाणी असतं. शेतातली किंवा रोपवाटिकेतली काळी माती घ्या, दोन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा, मग वस्त्रगाळ करा. गाळण्याचा कंटाळा केलात तर आठवडाभराने फलकातून गवत उगवतं. तसं उगवलं की लोक कौतुक करतात, पण ते रोप चौथ्या दिवशी सुकतं आणि मुळांभोवतीची माती सुटते.

फळी

प्लायच्या दोन्ही बाजू आणि कडा पॉलिश पेपरने घासून प्रायमरचे दोन हात द्या, मध्ये तासाभराचं अंतर ठेवून. मागची बाजू सोडू नका. एकाच बाजूला प्रायमर असेल तर पावसाळ्यात प्लाय कोरड्या बाजूने ओलावा ओढतो आणि बाक येतो. मागे चारही कडांना पट्ट्या फेविकॉलने चिकटवून रात्रभर दाबून ठेवा.

मग खालच्या कडेपासून 16 सेंमीवर पेन्सिलने आडवी रेघ मारा. ही पाण्याची पातळी. तिच्या खाली माती येणार आहे, वर कापड चिकटणार आहे. कापडाचा खालचा भाग मातीवर नुसता लोंबता राहील. त्याच्यासाठी रेघेखाली 10 सेंमीवर, एकमेकांपासून 4 सेंमी अंतरावर 2 मिमीची पाच भोकं आत्ताच पाडून घ्या. मातीनंतर ड्रिल लावलंत तर माती निखळते.

माती

रेघेखालच्या भागात गॉजची पट्टी फेविकॉलने चिकटवून घ्या. भोकांत टूथपिक खोचून ठेवा म्हणजे ती बुजणार नाहीत. चार वाट्या मातीत एक वाटी फेविकॉल आणि लागेल तसं पाणी घालून थालिपिठाच्या पिठाइतकं सैल मळा. पुट्टीच्या पत्तीने 3 मिमी जाडीचा थर ओढा, गॉजमध्ये दाबत दाबत.

काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना बरीच आकसते, म्हणून तिला भेगा पडतात. तेच हवंय. पण थर 5 मिमीच्या वर गेला तर भेगा रुंद होऊन ढेकळं कडेने उचलली जातात, आणि पातळ झाला तर नुसता डाग दिसतो. भेगा बारीक हव्या असतील तर निम्मी माती शाडूची घ्या. ती कमी आकसते, गणपतीच्या आधी सहज मिळते. एप्रिल-मेमध्ये हा थर दोन-तीन दिवसांत वाळतो, जुलैत आठवडाही लागतो. घाई करून हेअरड्रायर लावू नका, वरचं कवच आधी वाळतं आणि पापुद्रा सुटतो.

पूर्ण वाळल्यावर एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी असं मिश्रण सिरिंजने भेगांच्या तळाशी सोडा. वरून ब्रशने लावू नका, चकाकी येते. दुसऱ्या दिवशी फळी उभी करून मागून टिचकी मारा. जे पडायचं ते आत्ताच पडू दे.

कापड : काय वाहून जाणार, काय राहणार

माती वाळत असताना कापडाचं काम सुरू करा. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि बहुतेकांना तो नुसत्या कोलाजसारखा वाटतो.

नवीन मांजरपाटाला कांजी असते. आधी गरम पाण्यात धुऊन वाळवा. तसंच वापरलंत तर पुढे ते आटतं आणि वरच्या कागदाला सुरकुत्या पडतात. इस्त्री करून 26 × 34 सेंमीचा तुकडा कापा. त्यावर तुमचं ‘आधीचं घर’ रचायचं आहे : हातकागद, साडीचा तुकडा, फोटो, लिहिलेली अक्षरं. चिकटवण्यासाठी दोन गोष्टी वापरा, आणि कोणती कुठे हे विचार करून ठरवा.

खळीने चिकटवलेलं पाण्यात सुटतं. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक दिसू लागलं की उतरवा. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत, कीड लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका. ते विषारी आहे आणि तांब्यामुळे कागदही कालांतराने कुजतो. लागेल तेवढी ताजी खळ करा.

जेल मीडियमने चिकटवलेलं एकदा वाळलं की पाण्यात टिकतं. साधा फेविकॉल या दोघांच्या मधला, भिजला की मऊ पडतो पण पूर्ण सुटत नाही. म्हणून कापडावर तो वापरू नका, अंदाज बांधता येत नाही.

शाईचंही तसंच. शाईच्या पेनची निळी शाई पाण्यात पसरते, बॉलपेनची राहते. जे हरवलं ते शाईच्या पेनने लिहा, जे उरलं ते बॉलपेनने. पुराच्या फलकात वाण्याची उधारी बॉलपेनने आणि भांड्यांची यादी शाईने लिहून बघा. पाण्यातून काढल्यावर फक्त उधारी उरते.

फोटोसाठी झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई विरघळते. प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढून घ्यायची, नाहीतर पाट्यांवरची अक्षरं उलटी येतात. कापडावर जेल मीडियमचा जाडसर, एकसारखा थर द्या, प्रिंट पालथी दाबा, बोटाने बुडबुडे काढा आणि 24 तास हलवू नका. मग ओल्या स्पंजने कागद भिजवून बोटाच्या पोटाने हलकेच चोळा. कागदाचा लगदा निघत जातो आणि टोनर, म्हणजे प्रिंटची काळी पूड, मागे राहतो. नख लावलंत तर चित्रही निघतं. वाळल्यावर पांढुरकी साय दिसली तर कागदाचे तंतू राहिलेत, पुन्हा भिजवून चोळा. दोन-तीन वेळा करावंच लागतं.

वर्तमानपत्राचं कात्रण थेट लावू नका. तो कागद वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. हातकागदावर झेरॉक्स काढून लावा. जाड तावाने मशीन अडकतं, तेव्हा दुकानदाराला आधी विचारा.

पूर

सगळं दोन दिवस वाळू द्या. मग घमेल्यात पाणी घ्या, दर लिटरला दोन चमचे गेरू कालवा. कापड दोरीला चिमटे लावून उभं टांगा आणि घमेलं खालून असं वर आणा की पाणी कापडाच्या निम्म्यापर्यंत येईल. वीस मिनिटं तसंच राहू द्या. खळीने लावलेले तुकडे सुटायला लागतील. ओढू नका, जे आपणहून पडेल तेवढंच.

सुती कापड पाणी वर खेचतं, त्यामुळे डाग पातळीच्या तीन-चार सेंमी वर चढतो. ठसठशीत रेघ हवी असेल तर आदल्या दिवशीच त्या उंचीवर दोन्ही बाजूंनी जेल मीडियमचा 2 सेंमीचा पट्टा ओढून ठेवायचा, म्हणजे पाणी तिथे अडतं. घमेलं काढल्यावर कापड तसंच टांगून सावलीत वाळवा. पाणी वाळताना मळ कडेकडे ढकलत नेतं आणि तिथेच सोडतं, भिंतीवर दिसते तशी तपकिरी किनार त्यातून येते. आडवं पसरून वाळवलंत तर ही किनार जागोजाग फुटते.

उरलेली खळ बुरशीचं खाद्य आहे. भिजवून झाल्यावर ज्या जागेचा तुकडा सुटला ती जागा स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने पुसून घ्या आणि पंख्याखाली वाळवा. जून ते सप्टेंबर या काळात हे टाळलंत तर चार-पाच दिवसांत काळे-हिरवे ठिपके येतात. तशी वेळ आली तर ठिपके आलेला भाग कापूनच टाका. रंगाने झाकलेली बुरशी आत वाढत राहते.

गंज हवा असेल तर कापडाचा वेगळा तुकडा व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम घेऊन ओला करा, खिळ्यांभोवती गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून त्यात धुवा. आम्ल उरलं तर गंज कापड खात राहतो. दोन दिवस ठेवलंत तर भोकंच पडतात.

जाळायचं असेल तर उदबत्तीने. काडेपेटीने कडा एकदम पेटते, उदबत्तीने मिलिमीटरभर पुढे जाता येतं. गच्चीत, शेजारी पाण्याची बादली ठेवून, आणि फक्त सुती कापड किंवा कोरा हातकागद. साडी सुती आहे का याची खात्री नसेल तर एक धागा जाळून बघा : कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, केसासारखा वास म्हणजे रेशीम, टणक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर जाळू नका, आणि जेल मीडियम लागलेलं काहीही जाळू नका.

आता फाडायचं. पाण्याच्या किनारीजवळ कापडाच्या कडेला सेंटिमीटरभर कात्री लावा आणि दोन्ही हातांनी ओढा. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, वरचा हातकागद मात्र वेडावाकडा, तंतू बाहेर काढत. कात्रीने पूर्ण कापू नका. कापलेली कड शिवली तर शिवण टेलरची दिसते.

शिवण

फाटलेले दोन्ही भाग टेबलावर मांडा. मध्ये सेंटिमीटरभर फट ठेवा. कड कडेला भिडवण्याचा मोह होतो, पण पाण्यात काही तुकडे गेले आहेत, त्यामुळे ती भिडणार नाहीच. ओढून भिडवलीत तर सगळं कापड चुण्या घेतं.

मागून जुन्या धुतलेल्या धोतराचं किंवा साडीचं ठिगळ ठेवा, फटीच्या दोन्ही बाजूंना 2 सेंमी जाईल एवढं. टाका गोधडीचा, म्हणजे साधा धावदोरा. कागद असलेल्या जागी सुई थेट घालू नका, कागद चिरतो. खाली थर्माकोल ठेवून दाभणाने आधी भोकं पाडा. भोकांमध्ये 6 ते 8 मिमी अंतर हवं आणि ती फाटलेल्या कडेपासून 8 मिमी आत हवीत. त्याहून जवळ घेतलीत तर भोकांच्या ओळीतच कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटेल. सगळी भोकं एका रेषेत न घेता थोडी वरखाली घ्या, ताण वाटला जातो. ओळी सेंटिमीटरभर अंतरावर, किमान चार.

दोऱ्याचा रंग एकच. सोनेरी नको. कच्चा पांढरा किंवा साडीच्या काठातला एखादा रंग पुरे. गाठी मागे, पण सुरुवातीची एखादी गाठ पुढे राहिली तरी बिघडत नाही. सगळे टाके सारखे यावेत म्हणून धडपडू नका, मात्र सैल टाका उसवून पुन्हा घाला. सैल टाका बरोबर ओळखू येतो आणि मग सगळंच नाटकी वाटतं.

परीक्षा अशी : कापड वरच्या कडेने टांगा, खालच्या कडेला चिमट्याने शंभर ग्रॅमचं वजन लावा आणि रात्रभर सोडा. सकाळी टाके ताणले असतील, भोकं लांबट झाली असतील, तर आणखी दोन ओळी घाला.

बसवणं

फळीच्या वरच्या भागावर जेल मीडियम लावा, कापडाला नाही. कापड ठेवून मधून बाहेरच्या दिशेने कोरड्या फडक्याने दाबा. शिवणीच्या वर 2 सेंमीपर्यंतच चिकटवा. शिवण आणि तिच्या खालचा भाग मोकळा राहिला पाहिजे, म्हणजे तो खरोखर टाक्यांवर लोंबतो. वर बटरपेपर ठेवून पुस्तकांचं वजन रात्रभर. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून दाबा.

मग खालची कड पाच भोकांतून दोरा ओवून मातीवर सैल बांधा. घट्ट बांधलंत तर कापड माती घासतं.

थांबायचं कधी

फाडण्याच्या आणि जाळण्याच्या टप्प्यावर, विषय स्वतःचा असेल तर, हात थरथरतात, झोप उडते. हे काम उपचार नाही. दिवसाला दीड-दोन तासांवर बसू नका आणि फाडलेलं कापड रात्री तसंच उघडं ठेवून झोपू नका, गुंडाळून ठेवा. फार जड झालं तर काम बाजूला ठेवून माणसाशी बोला. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतूनही बोलता येतं.

शेवटचे हात

वरच्या भागाला मॅट अॅक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात, मध्ये चार तास. पावसाळी हवेत व्हार्निश लावलंत तर दुधाळ धुकं धरतं, म्हणून कोरडा दिवस बघा. मातीला आणि दोऱ्यांना व्हार्निश नको.

फ्रेम खोल हवी, काच मातीपासून निदान 1 सेंमी दूर. काच चिकटली की आतला ओलावा अडकतो. फ्रेमवाल्याला ‘शॅडो बॉक्स’ म्हणा, कळतं. मागे पूर्ण पॅकिंग टेप मारू देऊ नका, हवा खेळायला दोन छोट्या फटी ठेवायला सांगा.

पट्टीवर नाव, वर्ष आणि सामान लिहा : मांजरपाट, हातकागद, टोनर, काळी माती, गेरू, सुती दोरा, प्लाय. ‘दुःख’ आणि ‘पुनर्जन्म’ हे शब्द तिथे नकोत. पानशेतचा असेल तर तारीख पुरते. माती आणि फ्रेम धरून वजन तीन-चार किलोपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा एका खिळ्यावर न लावता इंग्रजी D आकाराच्या दोन कड्या आणि दोन स्क्रू वापरा. बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर मागच्या चार कोपऱ्यांना सेंटिमीटरभर जाडीचे रबरी ठोकळे चिकटवा. जुलैत ती भिंत पाझरते.